पुण्यात सुटते, मग गावात का सुटत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. विचारणाऱ्याचा मोठा भाऊ ३४ वर्षांचा. घरची कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. बऱ्याच वर्षांपासून दारू, जोडीला खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. यंदा पेरण्या आटोपल्यावर त्याने शेगावला जाऊन शपथ घेतली आणि पुण्याला बहिणीकडे राहून एका गोदामात काम धरले. दोन महिने थेंबाला शिवला नाही. पोळ्याला गावी आला आणि दुसऱ्याच दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पुन्हा प्यायला. आता तर सकाळी उठल्याबरोबर लागते. वडील म्हणतात, "म्या एका दिवसात बिडी सोडली, याच्यात दमच नाही." धाकट्या भावाने विचारले आहे: दोन महिने जमले म्हणजे मनात आणले तर जमते, मग इथे मुद्दाम पितो का? जेवणातून नकळत द्यायची एक पावडर मिळते, ती द्यावी का? की दादाला कायमचे पुण्यालाच पाठवावे?

पुण्याचे ते दोन महिने तुम्ही दादाच्या विरोधातला पुरावा म्हणून मांडले आहेत. मला त्यांतून वेगळेच दिसते. माणूस तोच, शपथ तीच, मनाची ताकदही तीच. बदलले होते ते बाकी सगळे. तिथे ओळखीचे दुकान नव्हते, संध्याकाळी हाक मारणारे दोस्त नव्हते, हातात रोख पैसा नव्हता. काम सुटायची वेळ वेगळी, जेवण वेळेवर, बहिणीची नजर. गावी परतल्यावर हे सगळे एका दिवसात उलटे झाले. इच्छाशक्तीच सगळे करत असती तर ती पुण्याहून येताना एसटीत विसरून येण्यासारखी वस्तू नव्हती.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे सैनिक मोठ्या प्रमाणावर हेरॉईनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी १९७१मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे असताना साधारण पाचातला एक जण हेरॉईनवर अवलंबून होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शंभरातले जेमतेम पाच पुन्हा त्या अवस्थेला गेले. हेरॉईनसारखे व्यसन, तरी बहुतेकांचे सुटले, कारण ज्या जागेत ते लागले होते ती जागाच मागे राहिली. आपल्याकडचा माणूस नेमका उलटा प्रवास करतो. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहतो आणि मग जिथे व्यसन लागले त्याच चौकात बसमधून उतरतो.

आता त्या चौकात उतरल्यावर काय होते ते पाहू. वावरातून परतायची वेळ, पाच-साडेपाच. पाठ दुखते आहे, दुपारी शिदोरी खाल्ली त्यानंतर पोटात काही नाही. पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटल्याचा आवाज येतो. तिथे दोघे-तिघे उभे असतात, त्यांतला एक म्हणतो, "काय राजेहो, लय दिवसानं!" खर्रा तोंडात गेला की पुढच्या गल्लीतल्या दुकानाची आठवण वेगळी काढावी लागत नाही. इथपर्यंत दादाने 'प्यायची' असे एकदाही ठरवलेले नाही. रात्री बंडीवर मालक झोपी गेला तरी बैल गाडी बरोबर घराशी आणतात, तसे हे आहे. रस्ता पायांना पाठ असतो. मालक जागा होतो तेव्हा बंडी दुकानासमोर उभी असते, आणि आपण त्याला विचारतो, तू इथे आलासच का?

मेंदूत याला आधार आहे. डोपामिन नावाचे रसायन आनंदाचे म्हणून प्रसिद्ध झाले आहे, पण त्याचे मुख्य काम ओढ लावणे हे आहे. 'आवडणे' आणि 'हवेसे वाटणे' या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसन मुरत जाते तशी आवड कमी होते आणि ओढ वाढते. माझ्याकडे येणारे जुने पिणारे हे पुस्तकापेक्षा चांगले सांगतात: "डाक्टरसाहेब, मजा तं कवाचीच गेली. पन संध्याकाय झाली का पाय तिकडंच वयते." ही ओढ बाटली दिसल्यावर सुरू होत नाही. ती वास, आवाज, वेळ, माणूस, खिशातली नोट यांनी आधीच सुरू होते. तिला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग दिवसभराच्या कष्टाने, भुकेने आणि अपुऱ्या झोपेने संध्याकाळी सगळ्यात ढिला पडलेला असतो. सकाळी सात वाजता घेतलेली शपथ खोटी नसते. ती संध्याकाळी सहाच्या माणसाला पाळायची असते, आणि तो माणूस सकाळच्यापेक्षा थकलेला असतो.

तुमच्या वडिलांनी एका दिवसात बिडी सोडली हे खरेच असेल. तंबाखू सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी कोणाच्या मदतीशिवायच सोडलेली असते. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की नुसत्या निर्धाराने सोडायला गेलेल्या शंभरांतले सहा महिने ते वर्षभरानंतर टिकलेले तीन ते पाचच निघतात. आपल्याला गावात दिसतात ते हे तीन-पाच, कारण ते पारावर बसून सांगतात. उरलेले गप्प असतात. शिवाय दारूच्या व्यसनात निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसले आहे. एकाच घरातल्या दोन भावांनाही तो सारखा येत नाही. वडिलांना दादासमोर ही तुलना करू नका म्हणून सांगा. ती ऐकून आजवर कोणाची सुटलेली मी पाहिली नाही. जेवणाच्या ताटावरून उठून गेलेले मात्र पाहिले आहेत.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली ओळ वेगळीच आहे: सकाळी उठल्याबरोबर लागते. याचा अर्थ शरीर आता दारूवर चालते आहे. दारू मेंदूला रोज दाबते, म्हणून मेंदू स्वतःला उलट्या बाजूने ताणून धरतो. दारू अचानक काढली की तो ताण मोकाट सुटतो. हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, झोप उडते. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. या अवस्थेत वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. आपल्या खेड्यांत हा भ्रम 'बाहेरचे' समजला जातो आणि दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे बंडी वळते. दोन मोलाचे दिवस तिथे जातात.

म्हणून "उद्यापासून एक थेंब नाही, खोलीत कोंडतो" हा प्रयोग दादावर करू नका. पिण्याचे प्रमाण मोठे असलेल्या, सकाळी लागणाऱ्या, आधी कधी फिट आलेल्या माणसाने दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची असते. त्यासाठी ठरावीक गोळ्या असतात. त्या पहिल्या दिवशी जास्त आणि मग रोज कमी करत साधारण आठवड्याभरात बंद करतात. त्या स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणून घ्यायच्या नाहीत, कारण त्यांचीही सवय लागते आणि दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो. दुसरी गोष्ट बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची. पिणारा जेवत नाही, त्याच्या शरीरात ते संपलेले असते. अशक्तपणा आला म्हणून गावात ग्लुकोजची सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. दारुड्याला थायमिनच्या इंजेक्शनशिवाय नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाईन लावणाऱ्याला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारा.

पुण्याला गेल्यावर पहिल्या चार दिवसांत दादाचे काय झाले होते, हे बहिणीला नीट विचारून घ्या. हात कापत होते का, झोपेत बडबडत होता का, फिट आली होती का. डॉक्टरला ही माहिती शपथेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पावडरीबद्दल मी सरळ नाही म्हणतो. बसस्टँडच्या भिंतीवर ज्यांच्या जाहिराती असतात त्या पुड्यांत काय असते हे पुडीवर लिहिलेले नसते. कधी कधी त्यात डायसल्फिराम नावाचे औषध असते. हे औषध पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम खाली येतो. हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर जीव जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हेच औषध माणसाने समजून, स्वतःच्या संमतीने, तपासण्या करून, बायकोच्या हातून रोज सकाळी घेतले तर काहींना चांगले लागू पडते. तिथेही गंमत पाहा: इच्छाशक्ती सकाळी एका गोळीपुरती लागते. संध्याकाळचा प्रश्न त्या गोळीने आधीच निकालात काढलेला असतो. वरणात चोरून कालवली तर तिचे विष होते, आणि कळल्यावर माणूस घरच्या जेवणावरचाही विश्वास सोडतो.

इतरही औषधे आहेत. नाल्ट्रेक्सोनने दारूची किक कमी होते. ॲकॅम्प्रोसेटने सोडल्यानंतरची तगमग कमी होते. यकृत बिघडलेले असेल तर बॅक्लोफेनचा विचार होतो. कोणते कोणाला हे यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या बघून ठरते. यवतमाळच्या, सेवाग्रामच्या आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहेत. 'मानसोपचार' या पाटीला घाबरू नका. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण मनाने कमजोर म्हणत नाही.

शपथेबद्दल जपून लिहितो, कारण शेगावची श्रद्धा माझ्याही घरात आहे. शपथ सुरुवात करून देते, ते तिचे बळ. तिची अडचण मोडल्यानंतर सुरू होते. शपथेत फक्त दोन खाने असतात: पाळली किंवा मोडली. तान्ह्या पोळ्याला दादाने पहिला घोट घेतला, तिथपर्यंत ती एक चूक होती. त्यानंतर मनात आले असणार, 'आता मोडलीच आहे, महाराजांना काय तोंड दाखवू?' आणि तोंड लपवायला पुन्हा दारूच. माळ घातलेला माणूस माळ काढून खुंटीला अडकवतो आणि मग प्यायला जातो, हे तुमच्याही गावात कोणी ना कोणी पाहिले असेल. एकदा काढलेली माळ पुन्हा घालायला त्याला वर्ष लागते. आईंना सांगा की पाप वगैरे काढू नका. उपचार घेतलेल्यांतही शंभरांतले ४० ते ६० जण कधी तरी पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही गोळ्या-पथ्य सोडून पुन्हा त्रास होण्याचे प्रमाण साधारण असेच असते. घसरला तर पुढे काय, हे चांगल्या दिवसांत ठरवून ठेवायचे: कोणाला फोन करायचा, त्या रात्री कुठे झोपायचे, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सोबत कोण जाईल. घसरल्या रात्री जाब विचारायचा नाही. प्यायलेल्या माणसाशी झालेले बोलणे त्याला सकाळी आठवत नाही आणि तुम्हाला वर्षभर आठवते.

'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही पिणाऱ्यांची आपसातली संघटना १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केली. तिच्या पहिल्याच पायरीवर माणूस कबूल करतो की दारूपुढे माझे काही चालत नाही. आपल्याकडच्या पुरुषाला हे जड जाते, कारण "मनात आणलं तं आत्ता सोडतो" हे त्याचे शेवटचे अभिमानाचे वाक्य असते. पण ते वाक्य जोवर तोंडात आहे तोवर तो कोणाची मदत घेत नाही. विदर्भात शहरांमध्ये आणि काही तालुक्यांच्या गावी या सभा चालतात. त्या बहुधा संध्याकाळी असतात. त्या तासाला माणूस सभेत बसलेला असतो, हाही उपचारच आहे. जवळ सभा नसेल तर गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते का पाहा. मोझरीच्या गुरुकुंजापासून ती पुष्कळ गावांत पोचली आहे. मी दादाला भक्त व्हायला सांगत नाही. मला त्याचा तो एक तास हवा आहे.

मग घरच्यांनी करायचे काय? मी पैशापासून सुरू करतो, कारण आपल्याकडे व्यसनाचे वेळापत्रक पैशाच्या वेळापत्रकावर चालते. मजुरीचा हप्ता बाजाराच्या दिवशी मिळतो, म्हणून आठवड्यात सगळ्यात जास्त घसरण बाजाराच्या दिवशी. वर्षात ती कापूस विकल्यावर. माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या एका सालदाराने त्याच्या मालकाला स्वतः जाऊन सांगितले, "माहे पैसे माह्या हातात देऊ नका, घरवालीले द्या." सांगताना लाजेने त्याची मान वर होत नव्हती. पण ते एक वाक्य बोलायला लागलेली हिंमत त्याला पुढच्या कितीतरी बाजारांना पुरली. तुमच्याकडे वेचणी सुरू होईल. कापसाचे पैसे कोणाच्या खात्यात येणार, एटीएम कार्ड कोणाकडे राहणार, हे दादाशी आत्ताच बोलून घ्या, त्याच्या पाठीमागे नको. तो शुद्धीत असताना, सकाळी. त्याचा मान राहील असे करा: रोजचा खर्च त्याच्या हातात, मोठी रक्कम वहिनींकडे.

नंतर रस्ता. वावरातून घरी येण्याची दुसरी वाट असेल तर ती लांबची का असेना, काही महिने तीच. सोबत कोणी असावे, शाळेतून सुटलेले पोरगे असले तरी चालते. निघण्याआधी वावरातच काहीतरी पोटात जाऊ द्या, भाकर-चटणी, फुटाणे, गूळ. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ओढ सगळ्यात जास्त येते. ती आली तरी बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ हातात काम आणि समोर माणूस असला पाहिजे.

खर्ऱ्याचे थोडक्यात. दारू आणि खर्रा एकमेकांना हाक मारतात, त्यामुळे कधी तरी दोन्ही सोडावे लागतील. माझे मत असे की दारूच्या पहिल्या आठवड्यात घरात खर्ऱ्यावरून भांडण काढू नये. तंबाखूसाठी निकोटिनचे च्युइंगगम मिळते. ते भराभर चावायचे नसते. थोडे चावून गालात धरायचे. पण खर्ऱ्यात सुपारीही असते आणि तिची सवय वेगळी असते. आज एवढेच करा: दादाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी जातात का पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे लगेच. सुपारीने गाल आतून ताठ होतात आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

दारूबंदीने प्रश्न सुटेल का असेही गावोगाव विचारले जाते. वर्धा जिल्ह्यात १९७५पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३पासून. चंद्रपूरला २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. बंदीतही दारू मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून बंदी फुकट, असे मात्र मी म्हणणार नाही. दुकान दोन मिनिटांवर असणे आणि चोरून, महागात, नदी ओलांडून आणावी लागणे यात फरक आहे. नुकत्याच सोडलेल्या माणसाला तो फरक वाचवतो. मुरलेल्या व्यसनाला बंदी पुरत नाही, त्याला उपचारच लागतो.

दादाला कायमचे पुण्याला पाठवायचे का? त्याला स्वतःला तिथे राहायचे असेल, काम टिकत असेल, बायको-पोरे सोबत जात असतील, तर जरूर विचार करा. पण वावर पुण्याला नेता येत नाही, आणि लग्न, तेरवी, पोळा, दिवाळी यांसाठी तो गावी येणारच. प्रत्येक वेळी तान्हा पोळा पुन्हा घडेल. पुणे हा वेळ मिळवण्याचा मार्ग आहे, आणि तो वेळ गावातल्या संध्याकाळची व्यवस्था लावायला वापरला पाहिजे. उलट, चिडून त्याला बांधून एखाद्या केंद्रात टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात. माणसाला साखळीने बांधायला त्या कायद्याने मनाई आहे. केंद्र निवडताना नोंदणी आहे का आणि डॉक्टर रोज येतो का, हे दोन प्रश्न विचारा.

आणखी एक, हे आजच करा. घरात फवारणीचे औषध असेल तर ते कुलपात ठेवा आणि किल्ली वहिनींकडे द्या. प्यायलेल्या माणसाच्या रागाला किंवा लाजेला पाच मिनिटे पुरतात. त्या पाच मिनिटांत डबा हाताशी नसावा. तो मरणाची भाषा बोलत असेल तर 'नाटक करतो' म्हणून सोडू नका. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते, रात्रीही लागतो. व्यसनासाठी १४४४६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे दोन वेगळे नंबर आहेत.

दवाखान्यात जाल तेव्हा दादासोबत वहिनींना न्या, वडिलांना पहिल्या खेपेला घरी राहू द्या. आधी कुठे दाखवले असेल तर त्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घाला. रोज किती आणि कोणती दारू, पहिला घोट किती वाजता, हे कागदावर लिहून न्या, कमी करून सांगू नका, कारण गोळीचा डोस त्यावर ठरतो. निघायच्या सकाळी हात कापत असतील तर रिकाम्या पोटी एसटीत बसवू नका, १०८ला फोन करा. आणि बाजाराचा दिवस टाळून दुसऱ्या कुठल्याही दिवशी जा.